दोन दारांची पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे. माझ्यावर ‘हौसेराव’ एवढंच कोरलेलं आहे. तुर्भ्याच्या बाजारात गोणी उचलणाऱ्या या साताऱ्याच्या गड्याने मला हौसेने घडवून घेतलं, तेही घर नसताना. आधी पाटी, मग घर. मित्रांनो, माणसं कशाच्या आधी काय करतील, याचा नेम नाही.

भाड्याच्या घरात खिळा ठोकायला मालकांची मनाई. म्हणून मी त्यांच्या बायकोच्या, मुक्ताबाईंच्या जुन्या लुगड्यात, ट्रंकेत राहिले. दर अकरा महिन्यांनी भाडेकरार संपला की ट्रंक हलायची. प्रत्येक नव्या घरातल्या फोडणीचा वास मला यायचा, दार मात्र दिसायचं नाही.

मग मुलाला, रणजीतला, उरणच्या गोदामात बरी नोकरी लागली आणि घरं बघणं सुरू झालं. एक जुईनगरचं जुनं तळमजल्याचं, एक उरणचं लिफ्टवालं. रणजीत म्हणाला, “बाबा, दोन्हीकडे ऑफर टाकू. जो पहिला हो म्हणेल, त्याचं घ्यायचं. सगळे असंच करतात.”

“सोयरीक अशी करतात का रे?” मुक्ताबाईंनी विचारलं.

“आई, टेन्शन नको घेऊ. घर आहे, नवरी नाय.”

जुईनगरचं घर राजाबाईंचं. त्यांना ते विकून दिवाळे गावात, बहिणीजवळ राहायला जायचं होतं. रणजीतने नळ सोडून बघितले, भिंती ठोकल्या, नाक मुरडलं. आवडलेल्या वस्तूला नावं ठेवायची, ही गिऱ्हाइकाची जुनी खोड. हौसेराव मात्र उंबऱ्यापाशीच विरघळले. बाजारात हमालाने ढिगावर टॉवेल टाकला की तो ढीग त्याचा. दुसरा हात लावत नाही. त्यांनी पिशवीतून मला काढलं आणि राजाबाईंच्या हातात दिलं. “मावशी, हा माझा टॉवेल.”

राजाबाईंनी मला दारावरच्या खिळ्यालाच अडकवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला दार मिळालं! खाडीचा वारा लागला. दूधवाल्याने माझं नाव मोठ्याने वाचलं. शेजारच्या भाडेकरू बतूल घर मागायला आल्या, तेव्हा राजाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, “आता दुसऱ्याला नाय देनार. याला नाव लागलाय.”

त्याच आठवड्यात उरणवाल्यांनी होकार दिला. लिफ्ट होती, गोदाम जवळ होतं. रणजीतने उरणचं पक्कं केलं. जुईनगरला कळवायचं कोणी? बाप म्हणाला, तू सांग. मुलगा म्हणाला, तुम्ही सांगा. दोन तोंडांच्या घरात निरोपाला तोंडच मिळालं नाही. राजाबाई मला चिंचेने घासत राहिल्या. सामान बांधून झालं होतं. बहिणीने खोली रिकामी केली होती. रिक्षा थांबली की त्या दाराशी यायच्या, आणि मीही कान टवकारायचे.

शेवटी हौसेराव आले. एकटेच.

“पाटी न्याला आलाव, का राह्याला?” राजाबाईंनी विचारलं.

“टॉवेल उचलायला, मावशी.”

“तुमच्या बाजारात एकच हमाल दोन ढिगांवर टॉवेल टाकतो का वो?”

“नाही टाकत,” हौसेराव म्हणाले. “टाकला तर त्याला कोणी उभं करत नाही.”

त्यांनी मला उतरवलं आणि तसेच शेजारी गेले. “ताई, मावशींचं घर मोकळं झालंय. चूक आमची होती.”

बतूल ओशाळून म्हणाल्या, “चाचा, उशीर केलात. आम्ही पनवेलला शब्द देऊन बसलो.”

राजाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या आत गेल्या आणि बांधलेली बोचकी पुन्हा सोडू लागल्या; पहिलं चहाचं पातेलं बाहेर निघालं.

आता मी उरणला आहे. दारावर रणजीतच्या नावाची, दिवे लागणारी पाटी झगमगते. मला मुक्ताबाईंनी स्वयंपाकघरात, माठाच्या वर लावलं आहे. जागा वाईट नाही. पण हौसेराव पाणी पिताना माझ्याकडे बघत नाहीत, आणि वारा आला की मला ते जुनं दारच आठवतं.

मित्रांनो, नाव टेकवायचं तर एकाच दारावर टेकवा. आणि मन बदललंच, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. तुम्ही विसरून जाता. तिकडे कोणीतरी सामान बांधून रिक्षाचा आवाज ऐकत बसलेलं असतं.