माझ्या बाजूने लागलेला निकाल

मी चुन्याच्या घाण्याचा घोडा बोलतोय. मूळचा मी टांग्याचा. चिकलठाण्याला जालना रस्त्याच्या कडेनं नव्या कारखान्यांची बांधकामं चालली आहेत, तिथं पुंजाराम ठेकेदाराच्या घाण्याला मला जुंपतात. जमिनीत गोल चर, चरात दगडी चाक, चाकाखाली चुना आणि वाळू. मी फिरतो आणि चुना मळला जातो. माझ्या आधी या कामाला एक रेडा होता. तो मेला म्हणून मला आणलं.

तुम्हाला वाटेल, धन्यानं कंटाळून विकलं असेल. तसं झालं नाही. माझ्यावर जुलूम होतोय म्हणून कोर्टात खटला चालला, निकाल माझ्या बाजूनं लागला, आणि त्यामुळं मी इथं आलो. ते कसं, हे सांगतो.

माझा जन्म देवगाव रंगारीचा. अंगानं मी अबलख, म्हणजे अर्धा काळा, अर्धा पांढरा. जणू कुणी अंगावर चुन्याची बादली उपडी केली असावी. शिंगरू होतो तेव्हा पोरं मला बघायला यायची. तिथूनच कमरोद्दीननं मला विकत घेतलं आणि शहरात आणलं.

कमरोद्दीनचे वडील निजामाच्या काळात एका जहागीरदाराच्या तबेल्यात होते. पोलीस ॲक्शननंतर तबेला मोडला, नोकरी गेली आणि घरात टांगा आला. वडिलांमागं तो कमरोद्दीन हाकू लागला. दंडावर टांग्याच्या परवान्याचा पितळेचा बिल्ला, डोक्यावर फेटा, आणि चाबूक नुसता टांग्याला खोचलेला. लोकांना दिसावा म्हणून. मला तो कधी लागला नाही. स्टेशनहून गुलमंडीकडं जाताना चढ आला की कमरोद्दीन खाली उतरायचा आणि माझ्या बरोबरीनं चालायचा. "चल बेटा," एवढंच म्हणायचा. उतारू हसायचे. "मियाँ, टांग्याचं भाडं आमी देतो आन् चालता तुमी?"

त्याची बायको जाहेदा संध्याकाळी मला स्वतःच्या हातानं हरभऱ्याची चंदी घालायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. कमरोद्दीनचा धाकटा भाऊ फारूख, आई गेली तेव्हा रांगत होता. त्याला जाहेदानंच वाढवला, मॅट्रिक केला. फारूखला टांग्याची लाज वाटायची. अंगाला घोड्याचा वास येतो म्हणून तो माझ्याजवळून जाताना श्वास धरायचा.

एका पावसाळ्यात कमरोद्दीनला मुदतीचा ताप आला. तो खाटेवर पडला. औषधपाण्याला पैसा हवा, म्हणून फारूखनं टांगा बाहेर काढला.

तो वाईट पोरगा होता असं मी म्हणणार नाही. त्याला लवकर मोकळं व्हायचं होतं, एवढंच. चार माणसांच्या टांग्यात तो सात कोंबायचा. चढावर उतरायचं तर सोडाच, चाबूक उलटा धरून दांड्यानं मानेवर हाणायचा. गळपट्टा नीट बसवायचा नाही, त्यामुळं माझ्या मानेला जखम झाली. जखमेवर पट्टा घासायचा, मी थबकायचो, आणि थबकलो की दांडा बसायचा. पुढं पुढं त्याचा हात नुसता वर गेला तरी मी अंग चोरू लागलो.

एका संध्याकाळी शहागंजात पोलिसानं टांगा अडवला. टांग्याचा कंदील विझलेला होता.

"नाव काय?" पोलिसानं विचारलं.

बिल्ला नसताना टांगा हाकला तर टांगाच जप्त होतो, हे फारूखला ठाऊक होतं. भावाचा बिल्ला त्यानं दंडावर बांधलेला होता. "कमरोद्दीन," तो म्हणाला.

पोलिसानं लिहून घेतलं. टांगेवाला कमरोद्दीन, घोडा अबलख. पुढं एकदा जास्त उतारू भरले म्हणून अडवलं, तेव्हाही त्यानं तेच नाव सांगितलं. आणि शेवटी पैठण गेटजवळ एका जमादारानं माझा गळपट्टा वर उचलून बघितला.

"ह्या जखमेवर जुंपतो व्हय रे? मुकं जनावर हाय ते. आता नवा कायदा आलाय, ठावं हाय का?"

"चुकलं साहेब," फारूख म्हणाला. "नाव कमरोद्दीन."

समन्स घरी आलं ते फारूखनंच दारात घेतलं आणि बंबात घातलं. मी अंगणातच बांधलेला होतो. कागद पेटला तसा तो हात शेकत उभा राहिला.

कमरोद्दीन बरा झाला. माझी मान बघून त्यानं भावाला विचारलं. "पट्टा पुराना हो गया," फारूख म्हणाला. कमरोद्दीननं पट्टा नवा शिवून घेतला आणि जखमेवर रोज हळद लावली. जखम भरली, पण तिथले केस परत आले नाहीत.

मग बिल्ल्याची मुदत सरली. कमरोद्दीन नवा करून घ्यायला गेला तर तिथला कारकून म्हणाला, "तुझ्या नावावर कोर्टात खटले पडून हायेत. आधी ते मिटव. मिटल्याचा कागद आण, मग बिल्ला."

"माझ्या नावावर? मी तर कधी..."

"नाव तुझं, बिल्ला तुझा, घोडा अबलख. गावात दुसरा अबलख घोडा कुणाचा हाय, सांग बरं."

दुसरा नव्हताच.

तिथून आमच्या कोर्टाच्या वाऱ्या सुरू झाल्या. रेकॉर्डच्या खिडकीत आप्पासाहेब नावाचे कारकून बसायचे. खिडकी व्हरांड्यात आणि मी समोर आवारात, त्यामुळं सगळं मला ऐकू यायचं.

"खटल्याचा नंबर सांगा," आप्पासाहेब म्हणाले.

"नंबर मालूम नाय, साहेब."

"तारीख?"

"तीबी नाय."

"मग मी काय हुडकू? चौकीतून नंबर आणा."

चौकीत गेलो. चौकीतले म्हणाले, कागद कोर्टात गेले, आता नंबर तिथंच. परत खिडकी. आप्पासाहेबांनी बोळातली गठ्ठ्यांची मांडणी दाखवली. अर्धे जुने गठ्ठे उर्दूतले, अर्धे नवे मराठीतले, काही कशाचेच नाहीत. त्यात कुणी कमरोद्दीन लिहिलेलं, कुणी कमरुद्दीन, कुणी नुसतं कमर. "उद्या या," आप्पासाहेब म्हणायचे. रागानं नाही, अगदी सवयीनं. चहा आला की खिडकीचं दार ओढून घ्यायचे.

कधी हाक येईल सांगता येत नव्हतं, म्हणून कमरोद्दीन मला जुंपलेलाच ठेवायचा. उन्हात, माशांत, दिवसभर. भाडं मिळत नव्हतं. आधी माझी चंदी बंद झाली, मग हिरवा चारा. जाहेदा कडबा आणून टाकायची आणि माझ्याकडं न बघता आत जायची.

अखेर एके दुपारी आप्पासाहेब हातात कागद घेऊन स्वतः व्हरांड्यात आले. कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "अबलख. हाच की तो. सापडले बघा तुमचे खटले." हरवलेली शेळी मालकाला दाखवावी तसे ते खुश दिसत होते.

त्यांनी वाचून दाखवलं. कंदील नाही. उतारू जास्त. जखमी घोडा जुंपला, दांड्यानं मारला. कमरोद्दीननं तारखा विचारल्या.

"तवा तर मी खाटंवर..." तो म्हणाला.

मग माझ्याकडं आला. मानेवर जिथं केस नाहीत तिथं हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. आप्पासाहेबांनी दोनदा हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही.

घरात त्यांची दखनी चालायची. त्या संध्याकाळी अंगणात तिघं उभी होती. फारूखची एसटीत कंडक्टर म्हणून निवड झाली होती आणि पोलिसांकडून चालचलणुकीचा दाखला यायचा बाकी होता.

"भाई, मेरा नाम कोरट में आया तो नौकरी गई," फारूख म्हणाला.

"और इनका बिल्ला गया तो?" जाहेदानं विचारलं. "डाक्टर की चिट्ठी है घर में. ये बीमार थे करके सच बोलेंगे."

"जुर्मानाच होएंगा भाभी. मैं पगार में से भरतूं. घोड़े का दाना बी मैंच डालतूं."

"तेरेकू मैं पाली रे," जाहेदा म्हणाली.

कमरोद्दीन माझ्या पाठीवरची धूळ झाडत होता. "बस," तो म्हणाला. "मैं बोल देतूं, मैंइच था."

खटल्याच्या दिवशी मॅजिस्ट्रेट साहेबांनी घोडा बघायचा म्हणून सांगितलं, तेव्हा मला आणायला फारूखच आला. साहेब मनानं मऊ होते. खुर्ची सोडून स्वतः बाहेर आले, चष्मा वर करून माझी मान बघितली.

"तू मारलंस याला?"

"जी साहेब," कमरोद्दीन म्हणाला. तो माझ्या एका बाजूला उभा होता. दुसऱ्या बाजूला फारूख लगाम धरून होता.

त्याच वेळी लगाम नीट धरायला फारूखचा हात वर गेला. माझं अंग आपोआप थरारलं. मी मान खाली घालून, डोळे मिटून मागं सरलो.

"बघा," साहेब म्हणाले. "धनी नुसता जवळ उभा आहे, तर किती भेदरलंय जनावर." मग फारूखकडं वळून म्हणाले, "तू कोण?"

"भाऊ, साहेब."

"शिकलेला दिसतोस. भावाला जरा समजावत जा. मुक्या जनावराला हात लावू देऊ नकोस."

"जी साहेब," फारूख म्हणाला.

कमरोद्दीन जमिनीकडं बघत होता. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण मला ते बोलता येत नव्हतं, आणि तेच साहेबांनी निकाल देताना सांगितलं. जनावराला तोंड नसतं, म्हणून कोर्टाला त्याच्या बाजूनं बोलावं लागतं. कंदील आणि उतारूंसाठी दंड झाला. माझ्यासाठी कमरोद्दीनचा बिल्ला कायमचा रद्द झाला.

आप्पासाहेबांनी खिडकीतून शिक्का मारलेला कागद दिला. "घ्या. आता तुमच्या नावावर काही नाही. एकदम साफ."

"बिल्लाबी नाय," कमरोद्दीन म्हणाला.

"हां, तो आता मिळणार नाही," आप्पासाहेब म्हणाले, आणि खिडकी ओढून घेतली.

फारूखचा दाखला चांगला आला. खाकी कपडे आले, खांद्याला तिकिटांची पिशवी आली. कमरोद्दीननं त्याला एकदाच विचारलं, तुझ्या नावानं बिल्ला काढू का, सकाळचा तेवढा टांगा हाक. "ड्युटी रहती भाई," फारूख म्हणाला. चंदीचं त्याला कुणी आठवून दिलं नाही आणि त्यालाही आठवलं नाही. पुढं तो बसस्टँडजवळ वेगळी खोली घेऊन राहिला.

दुसऱ्या टांगेवाल्यांनी मला घेतलं नाही. अबलख म्हटलं की पोलिसाच्या डोळ्यात भरतो, ही बला नको, असं ते म्हणाले. पुंजाराम मात्र लगेच घेऊन गेला. घाण्याला घोड्याचा रंग बघावा लागत नाही. मला नेताना जाहेदा दारात आली नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. घासून झालेलीच भांडी ती पुन्हा घासत असावी.

इथं डोळ्यांना फडकं बांधून जुंपतात, नाहीतर चक्कर येऊन जनावर पडतं. खुरांच्या भेगांत चुना जातो आणि आग होते. कडूबा नावाचा गडी घाणा हाकतो. पुंजाराम त्याला शिव्या देतो आणि तो मला काठी देतो. मानेवर जिथं केस नव्हते तिथं आता नवी जखम आहे. ती कुणी बघत नाही. इथं गळपट्टा उचलून बघायला कुणी जमादार येत नाही.

एकदा जुम्म्याच्या नमाजानंतर कमरोद्दीन आला. पाऊल ओळखून मी थांबलो. कडूबानं काठी हाणली.

"जरा थांबवा की," कमरोद्दीन म्हणाला. "दोन घडी भेटून जातो."

"घाणा थांबला की चुना बसतो," पुंजाराम म्हणाला. "आन् हात नका लावू त्याला. लाडावलं की पाय वढतं."

मग कमरोद्दीन माझ्या बरोबरीनं चालू लागला. चराच्या कडेनं, गोल गोल. तो आता मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलतो. चालता चालता हळू बोलत होता. फारूखला मुलगा झाला, नाव ठेवताना बोलावलं नाही. जाहेदा फारशी बोलत नाही. "चल बेटा," तो मध्येच म्हणाला. पोती उचलून त्याची छाती भरली होती, त्याला धाप लागली. तरी तो चालत राहिला. माझ्या डोळ्यांवर फडकं होतं. त्याची पावलं कधी थांबली ते मला चाकाच्या आवाजात कळलं नाही. मी तो बाजूलाच आहे असं धरून बराच वेळ चाललो.

त्यानंतर तो आला नाही. मोंढ्यात आहे, की नाही, हे मला इथं कोण सांगणार?

आता फडकं बांधायची गरज राहिलेली नाही. चुन्यानं दोन्ही डोळे गेले. कडूबाचं एक काम वाचलं.

नवे कारखाने बघायला शहरातून माणसं येतात. काहीजण घाण्यापाशी उभं राहून "अरेरे, बिचारं जनावर" म्हणतात. ती चांगली माणसं असतात, मला आवाजावरून कळतं. कुणी बाजूला थांबलं की उतारू आला असं वाटून मी सवयीनं थबकतो, आणि काठी मला बसते. म्हणून तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. या रस्त्यानं आलात आणि माझी दया आली, तर चालता चालता दया करा. थांबू नका.