टेबलाखालचा वर्ग

मी एक जुने लाकडी टेबल आहे, मित्रांनो. जेवणाचे म्हणा, कापड बेतायचे म्हणा, नाहीतर शाळेचे म्हणा. तिन्ही कामे मी केली आहेत. सुताराने मला घडवले तेव्हा माझ्यावरून हात फिरवत तो म्हणाला होता, "हे टेबल नातवंडं बघेल." माझा एक पाय किंचित आखूड झाला आहे, हे मात्र तो बोलला नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला घरी आणले. दिवसा माझ्यावर कापड पसरायचे, संध्याकाळी चिंध्या झटकून तिथेच ताटे मांडली जायची. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि रविवारी घरी यायचा. मुले दोन. थोरली अकरा वर्षांची, तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. धाकटा सात वर्षांचा, शेंडेफळ, सगळ्यांचा सोन्या. तो बोलताना अडखळायचा आणि शाळेतली पोरे त्याची नक्कल करायची. सकाळी दप्तर पाठीवर चढले की त्याला उलटी व्हायची. मला ते चांगले ठाऊक आहे, कारण बरेचदा ती माझ्या पायावरच व्हायची.

अशात आईला घरी बसून पडद्यावर शिकवणाऱ्या शाळेची माहिती मिळाली. रोज कात्री चालवणारी ती बाई आता स्वतःच कात्रीत सापडली. तिची एक रीत होती. गिऱ्हाइकाचे काही ठरत नसले की ती माझ्यावर बटणे मांडायची, फायद्याला पांढरे आणि तोट्याला काळे. त्या दिवशी तिने मुलांना समोर बसवून तशीच बटणे मांडली. चिडवणे थांबेल, पांढरे. उलट्या थांबतील, पांढरे. खेळायला मैदान नाही, काळे. दिवसभर डोळे पडद्याला चिकटलेले, काळे. मग प्रश्न आला थोरलीचा. तिला शाळेत सोडायला आणि आणायला तासभर जायचा, आणि तेवढा वेळ धाकट्याला घरी एकटे ठेवणार कसे? म्हणून तिनेही घरीच शिकायचे. दोघे बरोबर राहतील, असे म्हणून आईने त्याचेही पांढरेच बटण ठेवले.

"तुला चालेल ना गं, ताई?" बटणांवरची नजर न काढता तिने विचारले.

थोरलीने डबीतून एक काळे बटण उचलले होते. माझ्या कडेखाली तिची मूठ घट्ट मिटलेली होती. तिने भावाकडे पाहिले. कितीतरी महिन्यांनी तो हसत होता.

"चालेल की," ती म्हणाली.

मला तोंड असते तर मी ओरडले असते, मित्रांनो. पण टेबलाचे ऐकतो कोण!

धाकटा खरोखर फुलला. शब्द अडला तर पडद्यावरच्या बाई थांबायच्या, कोणी फिदीफिदी हसायचे नाही. वर्षाअखेर त्याने अख्खी कविता म्हणून दाखवली आणि आईने माझ्यावर हात आपटून दाद दिली. मलाही फार आनंद झाला. हे घरी शिकणे त्याच्यासाठी वरदानच होते, ते मी कसे नाकारू?

थोरली मात्र गप्प होत गेली. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि ही रडलीच नाही. आईचे शिलाई मशीन भिंतीकडे तोंड करून होते. मागून शिकवण्याचा आवाज आला की तिला वाटे, सगळे आलबेल आहे. इकडे थोरली पडद्यावर स्वतःचा हसरा फोटो लावून माझ्याखाली जाऊन बसायची. धाकट्याला ते दिसायचे, पण बहीणभावांची अळीमिळी गुपचिळी होती.

एका दुपारी टाचण्यांची डबी सांडली. टाचण्या गोळा करायला आई लोहचुंबक घेऊन माझ्याखाली शिरली आणि सहज तिने वर पाहिले. माझ्या पोटावर शिवणाच्या खडूने एक वर्ग काढलेला होता. ओळीने बाक, आणि प्रत्येक बाकावर मैत्रिणींची टोपणनावे. तिसऱ्या बाकावर 'चष्मिस', आणि तिच्या शेजारी 'मी'. तो 'मी' खोडून तिथे लिहिले होते, 'नवी मुलगी'.

खोडलेल्या 'मी'वरून आईने बोट फिरवले. ती खालीच बसून राहिली. थोड्या वेळाने थोरलीही खाली आली.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"सांगितलं असतं तर सोन्याला परत जावं लागलं असतं ना."

आईने तिला पोटाशी धरले आणि आईच हमसून हमसून रडली. लेक तिचे डोळे पुसत होती.

रविवारी ट्रकवाले बाबा आले. दोघांनी बोलून घेतले आणि आईने शेजारच्या काकूंना धाकट्याजवळ बसाल का विचारले, तर त्या म्हणाल्या, "अगं, तासभर बसेन की मी त्याच्याजवळ! आधी का नाही बोललीस?" इतके सोपे होते ते. वर्षभर कोणाला सुचले नव्हते.

आज थोरली पुन्हा शाळेत गेली होती. मघाशी परत आली.

"कसा गेला गं दिवस?" आईने विचारले.

"बरा. मागच्या बाकावर बसले." मग म्हणाली, "चष्मिस आणि ती नवी कशावर तरी खूप हसत होत्या. मला कळलंच नाही, कशावर ते."

मित्रांनो, मला पुसले नाही, माझ्या पायाखाली पुठ्ठा घातला नाही, तरी माझे काही म्हणणे नाही. पण तुम्ही बोलत जा. शहाणे मूल म्हणजे गप्प मूल नव्हे. आई कितीही मायेची असली तरी न बोललेले तिला ऐकू येत नाही. आणि तुम्ही मोठे झालात की, जे मूल हट्ट करत नाही त्याच्याजवळ दोन घटका जास्त बसा.

थोरली अजून माझ्यावर डोके टेकून बसली आहे. दप्तरही पाठीवरून काढलेले नाही. आई तिच्या केसांवरून हात फिरवते आहे.