तिसऱ्या फेरीचे बूट

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो बूट बनवणाऱ्या बाईंच्या दुकानात उभा होता आणि बायकोसाठीच करून घेतलेले बूट खोक्यात भरले जात होते. फोन वाचनालयातून आला. तिच्याबरोबर काम करणारी बाई म्हणाली, "तुम्ही लगेच या. त्या पुस्तकं लावता लावता खाली बसल्या, आणि..." त्यानं दोनदा विचारलं, तेव्हा कुठे तिनं पुढचं सांगितलं. मग त्यानं खोकं काखेत मारलं आणि निघाला. दिवसभर ते काखेतच होतं. दवाखान्यातल्या बाकावर, डॉक्टरांसमोर, लेक येऊन गळ्यात पडली तेव्हासुद्धा. शेवटी लेकीनंच ते काढून घेतलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

चौतीस वर्षं त्यानं कारखान्यात लेथवर काम केलं होतं. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी चूकही तो खपवून घेत नसे, म्हणून सगळे त्याला मायक्रॉन म्हणत. घरीही तेच नाव चिकटलं. पाव कापताना काप जाडपातळ झाला की बायको म्हणायची, "या मायक्रॉनसाहेब, मोजा आणि नापास करा."

छप्पन्नाव्या वर्षी एका मंगळवारी ती संध्याकाळी उशिरा घरी आली, ती केसात गवताची काडी घेऊनच.

"कुठे होतीस?"

"घोड्यावर. शिकायला लागलेय."

"या वयात? कशासाठी?"

"पंचवीस वर्षं लोकांना घोड्यांची पुस्तकं काढून देतेय. एकदा बसून तरी बघते."

दर मंगळवारी वाचनालय सुटलं की ती गावाबाहेरच्या तबेल्यात जायची. "चला, नुसतं बाकावर बसा," असं दरवेळी म्हणायची आणि दरवेळी त्याला काहीतरी काम निघायचं. खरं म्हणजे त्याला घोड्याची भीती वाटायची. हे त्यानं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं आणि बायकोला ते सांगावंही लागलं नव्हतं.

ती आपले जुने, बुटक्या टाचेचे, सपाट तळाचे काळे बूट घालून जायची. त्याला वाटलं, जाता येत नाही तर निदान तिला धड बूट तरी द्यावेत. साधेसुधे नाहीत, गुडघ्यापर्यंतचे, चित्रात असतात तसे. पण तिला आधी कळता कामा नये. म्हणून एका रविवारी सकाळी ती झोपलेली असताना त्यानं हळूच पांघरूण वर केलं आणि व्हर्नियरनं, म्हणजे कारखान्यातल्या बारीक मापाच्या पट्टीनं, तिच्या पायाची मापं घेतली. लांबी, चवडा, घोटा, पोटरी, सगळं. ती झोपेतच पाय आखडून म्हणाली, "मांजर शिरलं का घरात?"

"झोप तू. मीच आहे."

बूटवाल्या बाईंनी तो कागद पाहिला तेव्हा दशांश चिन्हानंतरचे आकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या होत्या. "माप उभं राहून घेतलंय ना?" असं त्यांनी विचारलं होतं. तो म्हणाला होता, "बाई, या आकड्यांत तुम्हाला चूक सापडायची नाही." त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलंच नव्हतं.

ती गेल्यावर चार महिन्यांनी तबेल्यातून मास्तरांचा फोन आला. घोड्यावर बसायला शिकवणाऱ्या त्या माणसाचा आवाज घोगरा होता. "तुमच्या मंडळींचे सहा तास शिल्लक आहेत. घरातल्या कुणी यायचं असेल तर घोडी त्यांचीच देतो."

"मी येतो," तो म्हणाला. आपण काय बोलून बसलो, ते फोन ठेवल्यावर त्याला कळलं. पण शब्द फिरवायचा नाही हे त्यानं ठरवलं. इतके मंगळवार ती तिथे काय करत होती, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहायचं तर त्याच घोडीच्या पाठीवर चढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

लेक भडकलीच. "बाबा, शिडीवर चढून दिवा बदलायला शेजाऱ्यांना हाक मारता तुम्ही!"

"शिडी हलते."

"आणि घोडा हलत नाही?"

मंगळवारी तो आपले कारखान्यातले बूट घालून तबेल्यात गेला. पुढे पोलादी टोपी, खाली दोन बोटं जाड रबरी तळ. त्याच्या मते त्यांच्याइतकं सुरक्षित काही नव्हतं.

मास्तरांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "साहेब, घोड्यावर बसायचंय की खाणीत उतरायचंय?"

"का? मजबूत आहेत."

"तेच तर नको. घोडा बिथरला, तुम्ही खाली आलात, तर पाय रिकिबीच्या कडीतून सटकन सुटला पाहिजे. हे धूड अडकलं की घोडा तुम्हाला फरफटत नेईल. तुमच्या मंडळी पहिल्याच दिवशी बरोबर बूट घालून आल्या होत्या. आधी फोन करून विचारलं होतं त्यांनी, पायात काय हवं, काय नको." आणि मास्तरांनी त्याला बूटवाल्या बाईंकडे पिटाळलं.

तो आधी घरी गेला आणि कपाटावरचं खोकं घेतलं. तेही परत देऊन टाकावं, असं त्याच्या मनात होतं.

दुकान लहान होतं. चामड्याचा आणि मेणाचा वास. भिंतीवर बूट घडवायचे लाकडी पाय ओळीनं टांगलेले, आणि मधोमध खोगीर घातलेला लाकडी घोडा. बूटवाल्या बाईंनी त्याला ओळखलं. "तुम्ही दशांशवाले! त्या दिवशी फोन आला आणि निघून गेलात. बाईंना बूट बसले का?"

त्यानं सांगितलं. बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. मग हळूच विचारलं, "काय करायच्या त्या?"

"वाचनालयात होती. तबेल्यात जायची मंगळवारी."

"हिरवा स्कार्फ? बोलता बोलता चष्मा डोक्यावर सरकवायच्या?"

"तीच."

"अहो भाऊ, त्या तुमच्या मंडळी? मग हे आधी नाही का सांगायचं!" बाईंनी खालच्या फळीवरून एक जोड काढला. घोट्याच्या जरा वरपर्यंत येणारे साधे तपकिरी बूट. त्यांना दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती आणि चिठ्ठीवर बायकोचं गोलसर अक्षर होतं. 'तिसऱ्या फेरीनंतर.'

"तीनदा आल्या होत्या," बाई सांगू लागल्या. "तिन्ही वेळा संध्याकाळी. म्हणाल्या, दिवसभर उभं राहून पाय सुजतो, तेव्हाचंच माप खरं. जाड मोजे घरून आणलेले. उकिडव्या बसल्या, जिना चढल्या, उतरल्या, या लाकडी घोड्यावर दहा मिनिटं टाच खाली दाबून बसल्या. मी उंच बूट दाखवले, तर म्हणाल्या, 'शिकाऊ माणसाला ते कशाला? आधी घोडीला मी पटू दे, मग आरशाला पटेन.' आणि अट घातली. दुडक्या चालीनं न थांबता मैदानाच्या तीन फेऱ्या झाल्या की हे न्यायचे. दोन झाल्या होत्या. तिसऱ्या फेरीत हसायला यायचं म्हणे, मग तोल जायचा."

तो चिठ्ठीकडे बघत राहिला. तिनं काहीच डोळे झाकून केलं नव्हतं. विचारलं होतं, करून बघितलं होतं, थांबायचं कुठे हेही ठरवलं होतं. चौतीस वर्षं मोजमापात घालवलेल्या माणसाला त्याच्याच बायकोनं माप कसं घ्यावं ते दाखवून दिलं होतं.

बाईंनी त्याचं खोकं उघडलं आणि उंच बुटाशेजारी तपकिरी बूट ठेवला. उंच बूट तळाला चांगला अर्ध्या बोटानं आखूड होता. "माप कधी घेतलं होतं?"

"सकाळी. ती झोपली होती."

"झोपलेल्या पायाचं!" बाईंनी कपाळाला हात लावला. "तुमच्या कारखान्यात दांडा भोकात बसवताना मध्ये जागा सोडता की नाही?"

"सोडतो. नाहीतर अडकतो."

"मग पायाला नाही सोडायची?"

"दांडा सुजत नाही, बाई," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला हसू फुटलं. हे बूट ओढताना तिनं त्याला कसं फैलावर घेतलं असतं, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं. तो हसत हसत स्टुलावर बसला आणि मग त्यानं चेहरा ओंजळीत झाकला. बाई पाठ करून उगाचच डबे लावत राहिल्या.

"मला बूट हवेत," शेवटी तो म्हणाला. "तिनं घेतले तसेच. तिनं घेतले त्याच पद्धतीनं."

बाईंनी त्याला उभं करून दोन्ही पाय मोजले. डावा जरा मोठा निघाला, म्हणून बूट डाव्याच्या मापानं काढले. टाच बोटभर उंच, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाणार नाही. तळ सपाट आणि गुळगुळीत, म्हणजे अडकणार नाही. आत बोटं हलली पाहिजेत, पण चालताना टाच उचलता कामा नये. तो जिना चढला, उतरला. उकिडवं बसताना गुडघे वाजले, तेव्हा बाई म्हणाल्या, "तो आवाज बुटाचा नाही हं." मग लाकडी घोड्यावर टाच दाबून तो मोजून दहा मिनिटं बसला. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा राहिली. व्हर्नियर खिशात होता, तो त्यानं बाहेर काढला नाही.

पुढच्या मंगळवारी लेक बाकावर येऊन बसली, दोन्ही मुठी आवळून. घोडीचं नाव घाई होतं आणि तिनं आयुष्यात कधी घाई केली नव्हती. मास्तरांनी तिला चढायच्या पायरीपाशी आणलं. तिच्या अंगाची ऊब लागताच तो एक पाऊल मागे सरला, मग पुन्हा पुढे आला. त्यानं डावा पाय रिकिबीत घातला. बूट नीट बसला, टाचेशी थांबला. तेवढाच त्याला धीर आला आणि तो चढला.

"बाबा, श्वास घ्या!" लेक ओरडली.

घाई चालू लागली. मैदान वरून वेगळंच दिसत होतं. कुंपणापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे वाचनालयाचं लाल छप्पर. हे इथून दिसतं, हे ती त्याला कधी बोलली नव्हती. कदाचित बाकावर येऊन बसला असता तर बोलली असती.

एक फेरी झाली, चालत, लगाम मास्तरांच्या हातात. उतरल्यावर लेकीनं विचारलं, "कसं वाटलं?"

"तुझी आई फार धीराची होती गं," तो म्हणाला. "इथे पहिल्यांदा चढली तेव्हा बाकावर तिचं कुणी नव्हतं."

आता त्याचे पाच तास शिल्लक आहेत. लगाम अजून त्यानं स्वतःच्या हातात घेतलेला नाही आणि दुडकी चाल सुरू व्हायची आहे. उंच बूट खोक्यात आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. तपकिरी जोड बूटवाल्या बाईंच्या खालच्या फळीवर चिठ्ठीसकट तसाच आहे. तिसरी फेरी राहिली आहे.