धवलला माझ्यावर पालथं घातलं

मित्रांनो, मी पानिपतच्या मागावर विणलेली चादर. जाड, सुती, निळ्या पट्ट्यांची. सुमित्राआजी मुलाकडे दिल्लीला राहायला आल्या, तेव्हा दारावरच्या फेरीवाल्याशी घासाघीस करून त्यांनी मला घेतलं. दोन दिवस माझं कौतुक झालं आणि मग सरकारी क्वार्टरमधल्या दिवाणात माझी रवानगी झाली.

नातू झाला तेव्हा मला बाहेर काढलं. धवल दोन महिने आधीच जन्मला होता. काचेच्या पेटीत राहून घरी आला, तोही एवढासा! इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, व्यायामासाठी लवकर घेऊन या. पण आजी म्हणाल्या, सव्वा महिना बाळाला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. सव्वा महिना सरला, तर थंडी आली. थंडीपाठोपाठ दिल्लीच्या हवेत धूर दाटला. वजन तर वाढतंय, असं म्हणून त्याचे बाबा सुधन्वा निश्चिंत झाले.

मला जमिनीवर अंथरलं होतं, पण धवलला खाली कुणी ठेवीना. तो या मांडीवरून त्या मांडीवर फिरायचा. रडायचा नाही, हातपायही फारसे हलवायचा नाही. येणारा-जाणारा म्हणायचा, किती गुणी बाळ! मलाही ते खरं वाटायचं. त्याच्या आईला, मयुराला मात्र चैन पडेना. धवल सहा महिन्यांचा झाला, तेव्हा शेवटी तिनेच फिजिओथेरपिस्ट राधा मॅडमना घरी बोलावलं.

"इसे पेट के बल लिटाइए," त्या म्हणाल्या.

मयुराने धवलला माझ्यावर पालथं घातलं आणि त्याचं तोंड सरळ माझ्यात रुतलं. मान उचलेना, कुशीलाही वळेना. त्याचा गरम श्वास माझ्या धाग्यांत कोंडला आणि मी हादरले. या बाळाला स्वतःचं नाकसुद्धा सोडवता येत नव्हतं! मॅडमनी झटकन त्याची मान वळवली.

"प्रीमॅच्युअर है ना, देर से ही करेगा," सुधन्वा कसंबसं म्हणाले.

"उम्र से दो महीने घटाकर भी इतना तो आना चाहिए था. ये शांत नहीं है, इसमें ताकत कम है. अभी भी टाइम है, पर रोज़ कराना पड़ेगा."

मॅडमनी माझी गुंडाळी करून त्याच्या छातीखाली दिली, कोपरं पुढे घेतली. तो किंचाळून रडला. मग रोज तेच. आजी धावत यायच्या.

"मयुरा, किती रडवशील गं त्याला?"

"आई, उचलू नका. प्लीज." मयुराचे डोळेही भरलेले असायचे.

एका सकाळी आजींनी पलंगाचा आधार घेतला, दुखरे गुडघे सांभाळत खाली आल्या आणि चक्क धवलसमोर पालथ्या झोपल्या. "धवल्या, इकडे बघ रे." तो कण्हला. मान लटपटली आणि वर आली. त्याने आजींकडे पाहिलं, मग पुन्हा डोकं टेकलं.

आजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "याला जमतंय गं," त्या म्हणाल्या. "आपणच कधी खाली ठेवलं नाही."

धवल केव्हा बसेल, केव्हा चालेल, हे राधा मॅडमही आत्ताच सांगू शकत नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरी असं घाईने आलेलं बाळ असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेली वेळ टाळू नका. ते जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, थोडा वेळ त्याला जमीन मिळू द्या. कडेवर घेऊन हिंडायला पुढे खूप दिवस आहेत.