पहिला ढावलो

आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी सख्ख्या भावाची गचांडी धरली.

साखऱ्याजवळच्या आमच्या तांड्यावर पोचलो तेव्हा सरण विझलं होतं. आमच्या बंजाऱ्यांत बायका नुसत्या रडत नाहीत, गेलेल्याशी बोलत सुरात रडतात. त्याला ढावलो म्हणतात. तिघीजणी एकामागून एक माझ्या गळ्यात पडल्या आणि तिघींच्या ढावल्यात तेच होतं: उपाशी गेलं, अनवाणी गेलं, मागं न बघता गेलं माझं माणूस.

माझं डोकंच फिरलं. आई धाकट्या जगनकडे राहायची. तो म्हणाला, रात्री तिनं बेसन-भाकरी खाल्ली आणि झोपेतच गेली. त्याची बायको शिला दारातल्या आईच्या चपला दाखवायला लागली, म्हणे अनवाणी कधीच ठेवलं नाही. मी म्हटलं, तीन बाया खोटं बोलतात का? उपाशी मारलंत तुम्ही म्हातारीला. जगननं हातही उगारला नाही, नुसता बघत राहिला, आणि तेच मला जास्त झोंबलं.

आता माझा धंदा काय, तर नांदेडला पाळक होऊ घातलेल्या पोरांना बायबल शिकवणं. दर वर्षी येशूची गोष्ट सांगणाऱ्या मत्तय, मार्क आणि लूक यांचे उतारे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. तिघांनी एकच घटना पाहिली तर घटना सारखी येईल, शब्द नाही येणार. शब्द तेच, क्रम तोच, म्हणजे कुणीतरी कुणाचं तरी घेतलंय. मार्कचं तर बाकीच्या दोघांनी घेतलेलंच दिसतं. पण मार्कमध्ये नाहीत अशी वचनंही दोघांत जवळपास जशीच्या तशी सापडतात. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात, दोघांपुढे आणखी एक जुना संग्रह असावा, जो पुढं हरवला. साक्षीदार मोजू नका, उगम शोधा, असं मी पोरांना दरडावतो.

दुपारी लिंबाखाली बसलो असताना स्वतःचंच दरडावणं आठवलं आणि लाज वाटली. तिघींचे शब्द एकच होते, आणि जगन खरं बोलत असेल तर तिघींची चूकही एकच होती. आमच्याकडे मयताजवळ जी बाई पहिली पोचते, तिचाच ढावलो मागून येणाऱ्या उचलतात. पहिली पोचली होती शेजारची भिकाबाई. मी तडक तिच्या घरी गेलो.

"मी कुठं बनवलं? तुझ्या आईचंच हाय ते," ती म्हणाली. "बापानं तुला ताटावरून हाकललं, तवापासून रोज दिवेलागणीला रडायची. तुझाच ढावलो हाय त्यो."

मी बाप्तिस्मा घेतल्याचं बापाला कळलं तो दिवस. पहिला घास हातात होता. माझ्या चपला दारातच राहिल्या होत्या.

पण बाप वारल्यावर मी दर दिवाळीला येत होतो, तिच्या हातचं खात होतो. हे मी भिकाबाईला ठणकावून सांगितलं.

"तू येऊन गेलास की जास्तीच रडायची. म्हणायची, ह्यो पावणा येऊन जातो. माझं गेलं ते न्हाईच आलं."

मी उठलो तसा तिनं माझा हात धरला.

"त्या दिवशी बी मी रडणं ऐकूनच आत गेले. म्हटलं, आज सकाळीच काहून रडून राहिली? हात लावला, तर अंग कवाचं गार पडलेलं. आवाज मातर चालूच. भ्या वाटलं, म्हणून मी बी तिच्यासंगं रडले."

मी जगनची माफी मागितली. शिलानं ताट वाढलं. मी बेसन-भाकरी पोटभर खाल्ली, हात धुतला, चपला घातल्या आणि निघालो. दिवेलागण झाली होती. आईच्या खोलीला बाहेरून कडी होती, आणि आतून सूर आला. शिला भांडी घासता घासता थबकली. जगननं मान खाली घातली.

मी परत फिरून दाराशी गेलो.

"याडी," मी आमच्या बोलीत आईला हाक मारली, "मी जेवलो. चपला बी घातल्यात. बघ, मागं फिरलोय."

आतलं रडणं थांबलं नाही.