नखभर चुना

मी भटू. सुरतेला पांडेसऱ्यात वीस वर्षं मिलमध्ये कपडा रंगवला, पण उज्ज्वलाच्या काळ्या पावडरीने छळलं तेवढं कुठल्या रंगाने छळलं नाही. ही पोर गोडादऱ्याला आमच्याच गल्लीत वाढली, इंजिनियर झाली, आणि शेड भाड्याने घेऊन फेराइटच्या रिंगा बनवायला लागली. हाताखाली मला ठेवलं. चार्जरच्या पोटात बसते ती रिंग. लोखंडाचा गंज आणि अजून दोन पावडरी दळायच्या, दाबायच्या, तेराशे डिग्रीला भाजायच्या. मडकंच म्हणा ना! फक्त करंट कितीही जोरात फिरला तरी रिंग तापायला नको. आमची मेली प्रत्येक रिंग तापायची.

भिंतीवर पाटी होती, 'तंबाखू सापडली तर कायमची छुट्टी.' ती माझ्यासाठीच, कारण दुसरं कोणी खातच नव्हतं. तशी मीही सोडली होती म्हणे! माझ्या बायकोने, उषाबाईने, कानबाई देवीसमोर शपथ घ्यायला लावली होती.

एका दुपारी उज्ज्वला जेवायला गेली. मी दळायचं भांडं भरलं, तळहातावर तंबाखू घेतली, नखावर चुना काढला, तोच दारात तिच्या चपला वाजल्या. तंबाखू खिशात गेली आणि चुना भांड्यात. गपचूप झाकण लावून मशीन चालू केली. दुसरं काय करणार?

त्या घाण्याच्या रिंगा तिने तपासायला लावल्या. गार! पोर अक्षरशः नाचली. मग त्याच मापाने पाच घाणे केले, पाचही तापले. सोमवारी गिऱ्हाईक यायचं होतं. तिने भट्टी खोलली, वह्या उलट्यापालट्या केल्या, शेवटी डोकं धरून रडायला लागली. मला बघवेना. खड्ड्यात गेली नोकरी!

"पोरी, त्या घाण्यात चुना पडला होता. माझा."

ती उठली. म्हटलं, भटू, झालं तुझं. तिने बारीक वजनाचा काटा माझ्यासमोर आपटला.

"काढा नखावर. तेवढाच."

दहा वेळा काढायला लावला बयेने! प्रत्येक वेळी वजन लिहिलं.

"काका, दाण्यादाण्याच्या मध्ये चुना बसतो, करंटला आडवा येतो. पुस्तकात वाचलं होतं मी, आणि विसरले!"

माझी तंबाखू तिने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली. नोकरी मात्र ठेवली.

सोमवारी मोजून चुना घातलेल्या नव्या रिंगा पास झाल्या. मालाचं नाव तिने ठेवलं 'भटू-१'. संध्याकाळी पेढे घेऊन ती आमच्या घरी आली. उषाबाई तोवर गल्लीभर सांगून आली होती. एक पेढा माझ्या तोंडाशी धरून तिने कौतुकाने विचारलं, "आमच्या ह्यांनी असं टाकलं तरी काय गं त्यात?"

मी उज्ज्वलाकडे बघून डोळे मोठे केले. तिला बिचारीला शपथेचं काय माहीत!

"चुना, काकू."

उषाबाईने पेढा परत डब्यात ठेवला.

"आ करा," ती म्हणाली.