बारावं रीळ

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्या मामांचा हात दुसऱ्या मशीनच्या खटक्यावर तसाच राहिला. तो ठिपका म्हणजे ऑपरेटरला इशारा: चालू रीळ संपत आलं, पुढचं सोड. तीस वर्षांत मामांनी तो कधी चुकवला नव्हता. आजही दिसला, पण त्यांनी हात मागे घेतला.

पडद्यावर गुप्तहेर आणि त्याची प्रिया गात गात पूल ओलांडत होती. संगीतशिक्षक बनून शत्रूच्या गावात शिरलेला हा पोरगा गाण्याच्या ओळींतून खबरा पाठवायचा, आणि शिकवता शिकवता शत्रूच्याच सेनापतीच्या मुलीवर जीव लावून बसला होता. अकराव्या रिळाच्या शेवटी दोघं पुलाच्या मध्यावर येतात. बाराव्यात त्याला गोळी लागते आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो अख्खं कडवं गाऊन प्राण सोडतो.

सहा आठवडे, रोज तीन खेळ. बारावं रीळ लावलं की मामा पडद्याकडच्या खिडकीला पाठ करून येरझारा घालत. चार पावलं इकडे, चार तिकडे, त्याहून मोठी केबिनच नव्हती. त्यांचा एकुलता एक मुलगा खऱ्या लढाईवर होता. कुठे आहे ते विचारू नका, असं सांगूनच गेला होता. चार महिने पत्र नव्हतं. सकाळी पोस्टमन दिसला की मामा गल्लीच्या तोंडापर्यंत जात, आणि तो पुढे गेला की सहज पाय मोकळे करायला निघाल्यासारखे परतत. बायको काही विचारत नसे. तीही खिडकीतच उभी असे.

आणि दुपारच्या खेळाला तिसऱ्या रांगेत कडेला बसणारी ती करड्या कोटातली बाई. पुलावरचं गाणं ऐन रंगात आलं की ती उठे आणि मान खाली घालून निघून जाई. मामांनी मनाशी ताडलं, हिचंही कोणीतरी तिकडे आहे, हिलाही शेवट बघवत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तिच्याशी एक शब्द न बोलता त्यांनी तिला आपल्या दुःखात वाटेकरी करून घेतलं होतं. देवापुढे मुलाचं मागून झालं की तिच्या माणसाचंही मागत. नाव ठाऊक नव्हतं, पण नाव नसलं म्हणून देवाचं अडतं थोडंच?

आज गाणं संपत आलं तरी बाई उठली नाही. मामांच्या मनात आलं, आता ही ते बघणार. ठिपका चमकला, अकरावं रीळ संपलं, मामांनी पडदा ओढला आणि दिवे लावले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, लढाई बरी लवकर आटोपली. डोअरकीपर धापा टाकत वर आला, रीळ जळलं का म्हणून विचारू लागला. मामांनी त्याला, सिनेमा संपला, एवढंच सांगून वाटेला लावलं. त्याच्या मागोमाग बाई जिना चढून आली.

"ऑपरेटर तुम्हीच ना?"

"हो, ताई."

"सहा आठवडे मी हा सिनेमा बिनशेवटाचा बघतेय. सव्वापाचची बस चुकली की हॉस्पिटलात मेट्रन उभी सोलते. आज नाकदुऱ्या काढून सुट्टी मिळवली, तर तुम्ही शेवटच गिळलात?"

मामा म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला बघवत नाही."

"मला? मी जखमी सैनिकांच्या वॉर्डात असते, मामा. मला काय बघवत नाही?"

मामा तेलाचं फडकं बोटांभोवती गुंडाळत राहिले. बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कोण आहे तिकडे?"

"मुलगा. चार महिने झाले."

काही होणार नाही त्याला, असं ती म्हणाली नाही. कोट काढून स्टुलावर ठेवला आणि म्हणाली, "लावा. इथूनच बघू."

सहाच्या खेळाला अवकाश होता. मामांनी रीळ सोडलं. भिंतीतल्या चौकोनी खिडकीला दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. गोळी लागली तेव्हा मामांनी डोळे मिटले, पण पाठ फिरवली नाही. कडवं सुरू झालं तशी बाई हळूच हसली.

"मरताना कोणी गात नाही हो. पाणी मागतात. समोर जी असेल तिला आई म्हणतात."

मामांनी डोळे उघडले. पडद्यावरच्या मुलीने त्याचा हात घट्ट धरला होता.

"आणि ते?"

"ते खरंय. हात धरतो आम्ही."

"सगळ्यांचा?"

"माझ्या वॉर्डातल्या सगळ्यांचा," ती म्हणाली. "रोज नवी माणसं येतात. नाव सांगून ठेवा त्याचं. विचारत जाईन."

मामांनी नाव सांगितलं. चार महिन्यांत घरात कोणी ते मोठ्याने घेतलं नव्हतं. तिने ते एकदा म्हणून पाहिलं, बरोबर ना म्हणून विचारलं आणि कोट उचलून जिना उतरून गेली.

खाली सहाच्या खेळाची माणसं येऊ लागली होती. मामांनी बारावं रीळ उलटं गुंडाळलं, फडक्याने पुसलं आणि फळीवर अकराव्याच्या शेजारी, त्याच्या जागी ठेवलं.